चमचाभर पाणी

मंडळाच्या सभासदांना आमची ओळख असो वा नसो, आमच्या पिकअपची नक्कीच आहे. गणपतीचं मखर, कोजागरीच्या दुधाची पातेली, दिवाळी पहाटच्या बैठकीचे तक्के-लोड, एकांकिकेचा सेट आणि एकदा तर रुसून बसलेली अख्खी तबल्याची जोडी (वादकासह) हे सारं जिच्या पाठीवरून सभागृहापर्यंत आलं, ती पांढरी, डबल केबिनची, डिझेलवर चालणारी आणि सुरू होताना ज्येष्ठ नागरिकासारखी खाकरणारी गाडी आमची. "अहो, एवढे इंजिनिअर तुम्ही, एखादी बरी गाडी का घेत नाही?" हा प्रश्न आम्हाला दर कार्यक्रमानंतर विचारला जातो, मखर उतरवून झाल्यावर, आधी नाही. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी आमच्याकडे आली ती योगायोगाने. कंपनीने साइटवरच्या जुन्या गाड्या काढायला काढल्या, किंमत परवडणारी होती, आणि वाळवंटात तंबू ठोकून राहण्याचा शौक आम्हाला तेव्हा नुकताच लागला होता. घरी आणली तेव्हा सौ.नी तिला प्रदक्षिणा घातली आणि "हिच्यातून लग्नाला जायचं?" एवढंच विचारलं. प्रश्न रास्त होता. या देशात पिकअप म्हणजे सिमेंटची पोती, एसीचे पत्रे, कलिंगडं आणि बकऱ्या. एका मित्राच्या इमारतीखाली तिथल्या पहारेकऱ्याने आम्हाला थांबवून "एसी का काम है क्या? कौनसा फ्लॅट?" असं विचारलं होतं. हातात मिठाईचा पुडा असूनही!

आता एक कबुलीजबाब. आम्ही परदेशात जाऊन एम. एस. केलं ते अंतर्ज्वलन इंजिनांवर. डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये कसा फुटतो, थेंबाचं बाष्प किती मिलिसेकंदांत होतं, यावर शंभरेक पानं काळी केली. हवा मूळ आकाराच्या पंधरा-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि ठिणगीशिवाय डिझेल पेट घेतं, हे आम्ही झोपेतही फळ्यावर मांडून दाखवू. पण कागदाबाहेरच्या खऱ्याखुऱ्या डिझेल इंजिनाचं तेल आम्ही उभ्या आयुष्यात बदललं नव्हतं. गाडी गॅरेजमध्ये द्यायची, शेजारच्या कॅफेटेरियात कडक चहा प्यायचा, बिल द्यायचं आणि यायचं. काचेवर पुढच्या सर्व्हिसची चिठ्ठी चिकटली की आमचं तांत्रिक कर्तव्य संपलं.

हे असंच चाललं असतं. पण २०१७ सालचा जुलै महिना आला.

त्या वर्षी आमची आई गावाहून प्रथमच इकडे आली होती. मुलांना सुट्टी होती. लिवाला जुलैमध्ये खजुरांचा उत्सव भरतो. फांदीसकट तोडलेल्या ताज्या खजुरांचे घड तिथे स्पर्धेला मांडतात. आई द्राक्षांच्या मुलखातली, तासगाव तालुक्यातली. तिला घड दाखवावेत, वाळवंटातही बागा असतात हे दाखवावं, म्हणून आम्ही शारजाहून भल्या पहाटे निघालो. अबू धाबी मागे टाकून, तारीफवरून आत वळून मदिनत झायेद, आणि तिथून पुढे लिवा. एकूण साडेतीनशे किलोमीटरच्या वर.

निघण्यापूर्वी दोन दिवस डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागत होता. त्यावर डब्यासारखं काहीतरी आणि खाली थेंब, असं चित्र. काच धुण्याचं पाणी संपलं असावं, असा एम. एस. पातळीवरचा निष्कर्ष आम्ही काढला आणि त्या टाकीत दोन लिटर पाणी ओतलं. दिवा तसाच राहिला. गाडीची सर्व्हिस महिन्यापूर्वीच एका गॅरेजमधून झाली होती, बिलावर 'फिल्टर बदलला' असं स्वच्छ लिहिलं होतं. मग चिंता कसली?

मदिनत झायेद मागे पडलं आणि तासाभरात इंजिनाने आचके द्यायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दाबावा तर जोर नाही. मग धाप, मग शांतता. गाडी कशीबशी कडेला घेतली. दुपारचे बारा वाजलेले. गाडीतला आकडा बाहेरचं तापमान ४७ दाखवत होता. एसी बंद पडल्यावर पाचच मिनिटांत केबिनची भट्टी झाली. फोन लागला, रिकव्हरीवाला म्हणाला, दोन-अडीच तास लागतील. आत आई, रक्तदाबाची गोळी घेणारी. सहा वर्षांची मुलगी. आणि दहा वर्षांचे चिरंजीव. पाण्याच्या बाटल्या होत्या, पण पाणी हात भाजेल इतकं तापलं होतं. गाडीच्या सावलीत चादर अंथरून आईला बसवलं तर खालची वाळूच तिला बसू देईना. सौ. काही बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

आम्ही बॉनेट उघडून उभे राहिलो. उभे राहिलो, एवढंच. आत काय काय आहे ते सगळं आम्हाला माहीत होतं. कुठे हात घालायचा ते मात्र माहीत नव्हतं. ती लाज अजून आठवते.

अर्ध्या तासाने एक पाण्याचा टँकर थांबला. चालक पेशावरकडचे, पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, न विचारता तिला टँकरच्या थंड केबिनमध्ये चढवलं, पोरांनाही आत पाठवलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "पिवळा दिवा लागला होता का?" होय म्हणालो. त्यांनी एक रिकामी बाटली अर्धी कापली, डिझेल फिल्टरच्या बुडाशी धरली, बोटांनीच खालची प्लास्टिकची चावी सैल केली आणि वरचा छोटा पंप अंगठ्याने दाबला. बाटलीत फिल्टरमधलं जे उतरलं त्याचे हळूहळू दोन थर झाले. वर डिझेल, खाली गढूळ पाणी. अर्धा पेला भरून. "पानी है, बाबूजी," ते हसले. हजारो गॅलन पाणी वाहणाऱ्या माणसाने आमच्या गाडीतलं अर्धा पेला पाणी काढून टाकलं. चावी घट्ट केली, पंप कडक होईपर्यंत दाबला, "मारो सेल्फ." दोनतीन प्रयत्नांत इंजिन खाकरलं आणि चालू झालं.

आम्ही पैसे पुढे केले. त्यांनी हात छातीवर ठेवून मान हलवली. "अम्मा को पानी पिलाओ," म्हणाले आणि निघून गेले. सगळं मिळून दहा मिनिटं.

पुन्हा थंड झालेल्या गाडीत दोन वाक्यं बोलली गेली. त्या दोन वाक्यांनी आमचं पुढचं आयुष्य थोडं बदललं. पहिलं आईचं. "आरं, भावजी रोज सकाळी हेच तर करायचे की इंजिनाचं!"

आणि आम्हाला लख्ख आठवलं. काकांच्या मळ्यातल्या विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर कारखाना उभारला तो आमच्याच भागात. पुढे शंतनुरावांच्या काळात १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिन्सची कंपनी निघाली आणि विहिरीवरच्या मोटा हळूहळू बंद झाल्या. विजेचा भरवसा नसलेल्या गावात त्या इंजिनाची धडधड म्हणजे ऊस-द्राक्षांचा श्वास. काका सातवी पास. रोज हँडल मारण्याआधी ते फिल्टरखालचा स्क्रू सैल करून चमचाभर डिझेल वाटीत सोडायचे, वाटी उन्हात धरून बघायचे आणि बांधापलीकडे ओतायचे. सुट्टीत गेलेले आम्ही त्यांना म्हटलंही होतं, "काका, कशाला सांडता? महाग असतं." ते म्हणाले होते, "रोज चमचा काढला न्हाई की एक दिवस पेला भरतोय." पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, हे आम्ही नंतर परदेशात जाऊन समीकरणासह शिकलो. वाटी मात्र विसरलो.

दुसरं वाक्य चिरंजीवांचं. काळे झालेले हात आम्ही कागदाने पुसत होतो, तेव्हा त्याने अगदी निरागसपणे विचारलं, "बाबा, हे काम आपलं नसतं ना? आपण फोन करायचा असतो."

त्याचा काय दोष? तो इथे जन्मला. त्याच्या जगात गाडी धुणारा वेगळा, एसी साफ करणारा वेगळा, सामान वर आणून देणारा वेगळा. हाताने काम करणाऱ्या माणसांना तो नीट 'अंकल' म्हणायचा, पण ती माणसं आणि आपण यांच्यामध्ये एक काच आहे, हे कोणीही न शिकवता शिकला होता. न शिकवता कसं म्हणावं? गॅरेजमध्ये चहा पीत बसणाऱ्या बापाकडूनच शिकला होता.

त्या उत्सवातले खजुरांचे घड पाहताना आमचं लक्ष नव्हतं. परतल्यावर पुढच्याच सुट्टीच्या दिवशी आम्ही पान्यांचा संच घेऊन आलो.

पहिल्याच प्रयत्नाची हकीकत मंडळात काहींनी ऐकली आहे, उरलेल्यांसाठी सांगतो. जुन्या व्हिलाच्या आमच्या आवारात गाडी रॅम्पवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. इंजिन कोमट असताना (उकळतं नव्हे, पोळतं!) ड्रेन प्लग सोडला. जवळजवळ सात लिटर काळंकुट्ट तेल घमेल्यात आलं. नवीन तांब्याचं वायसर घालून प्लग लावला, जुना फिल्टर काढून नव्याच्या रबरी कड्याला तेलाचं बोट फिरवलं आणि तो हातानेच आवळला. नरसाळ्याने नवं तेल ओतलं. चिरंजीव बॅटरी धरून उभे होते, नाइलाजाने. आम्ही विजयी मुद्रेने सेल्फ मारला, आणि गाडीखालून काळा फवारा उडाला.

जुन्या फिल्टरचं रबरी कडं इंजिनालाच चिकटून राहिलं होतं. त्यावर नव्याचं कडं बसलं. दोन कड्यांमध्ये तेल धरून ठेवण्याची ताकद नसते. इंजिन लगेच बंद केलं तरी निम्मं तेल आवारात. सौ. खिडकीत उभी राहून म्हणाली, "मजुरीचे चाळीस दिरहॅम वाचले, नाही का?" अरबस्तानात एक सोय आहे, वाळू विकत आणावी लागत नाही. बापलेकांनी मिळून दोन तास वाळू टाकली, भरली, पिशव्या बांधल्या. चिरंजीव हसत होते. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: जुना फिल्टर काढला की जुनं कडं दुसऱ्याने मोजून दाखवायचं. "कडं एक!" अशी आरोळी आल्याशिवाय नवा फिल्टर चढत नाही.

हळूहळू बस्तान बसलं. पूर्वी हे काम शुक्रवारी चाले. जानेवारी २०२२ पासून देशाची सुट्टी शनिवार-रविवारवर गेली आणि आमचा देखभालीचा वारही शनिवार झाला. उन्हाळ्यात फजरच्या अजानच्या सुमारास सुरुवात. त्या वेळीही हवा इतकी दमट की चष्म्यावर धुकं येतं. याच दमटपणामुळे अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आत पाणी धरतं, म्हणून आम्ही टाकी रात्री रिकामी ठेवत नाही आणि दर शनिवारी फिल्टरखाली काचेची बरणी धरतो. पाणी पंपात शिरलं तर खर्चाचा आकडा पाहून माणूस वाळवंटात चालत जाईल. कारण आजच्या डिझेल इंजिनात हजार बारच्या वर दाब असतो आणि त्या पंपाला वंगण असतं ते फक्त डिझेलचंच. पाणी वंगण घालत नाही, गंज देतं.

बाकी कामं साधी. 'शमाल' वारा येऊन गेला की एअर फिल्टर काढून आतून बाहेर हवा मारायची. बाहेरून आत मारली तर वाळू कागदात रुतते. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे तर मुलीलाही पाठ आहे. कूलंटमध्ये नुसतं पाणी घालायचं नाही. इथे गोठण्याची भीती नाही, पण गंज आणि उकळणं दोन्ही आहे. शाफ्टच्या सांध्यांना ग्रीसगनने ग्रीस मारायचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायचे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी नवी दिसली तरी या उन्हात रबर आतून म्हातारं होतं. तेल बदलल्यावर आठवड्यात काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही. डिझेलची काजळी तेलाने आपल्या अंगावर घेतली, म्हणजे ते आपलं काम करतंय. आमचे एक शेजारी पट्टी बघून म्हणाले होते, "तुम्हाला दुकानदाराने फसवलं." आम्ही म्हटलं, पांढऱ्या कपड्यातला कामगार दिसला तर संशय घ्यावा, तसंच हे.

आणि काय करत नाही, तेही सांगायला हवं. टायमिंग बेल्ट, इंजेक्टर आणि ब्रेकचं आतलं काम आम्ही जाणकाराकडेच देतो. फक्त आता चहा प्यायला जात नाही. शेजारी उभे राहतो, विचारतो, पाना हातात देतो. जुनं तेल डब्यात भरून त्याच गॅरेजच्या पिंपात नेऊन ओततो. गटारात नाही, वाळूत तर नाहीच. ज्या वाळूत सुट्टीला तंबू ठोकायचा, तिच्यात आपली घाण पुरायची कशी? आणि ही सगळी उठाठेव आवाराच्या आत. रस्त्यावर किंवा सार्वजनिक पार्किंगमध्ये पसारा मांडू नये.

पैसे वाचतात का? सौ.ने हिशोब ठेवला आहे. हत्यारं, रॅम्प, सांडलेलं तेल आणि पाठदुखीचं मलम धरलं तर आम्ही अजून तोट्यात आहोत.

मग १६ एप्रिल २०२४ उजाडला. त्या पावसाचं वर्णन वाचकांना करायला नको, प्रत्येकाने आपापल्या जिन्यात उभं राहून तो पाहिला. अल ऐनच्या खत्म अल शकलाला २४ तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस या देशाने पाहिला नव्हता. शारजात कित्येक रस्ते आठवडाभर पाण्याखाली होते. आमच्या पिकअपने त्या दिवसांत दूध, पाव, पिण्याचं पाणी, दोन आजीबाई आणि एक तान्हं बाळ वाहून नेलं. चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून, पहिल्या गिअरमध्ये, लाट न करता. "एखादी बरी गाडी का घेत नाही," हे त्या आठवड्यात कोणी विचारलं नाही.

पाणी ओसरलं त्या शनिवारी आम्ही थकून अंथरुणातच होतो. चिरंजीव, आता सतरा वर्षांचे, पहाटे खाली गेले होते. वर आले तेव्हा त्यांच्या हातात कागदी पेला होता. त्यात दुधाळ चहासारखं काहीतरी. "बाबा, मागच्या डिफरन्शिअलमधलं गिअर ऑइल. पाणी शिरलंय. आज बदललं नाही तर बेअरिंग जातील." आम्ही त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या ॲक्सलमध्ये वरच्या नळीतून पाणी ओढलं जातं, हे त्याने वाचलं होतं. आणि वाचून थांबला नव्हता, खाली जाऊन, भरण्याचा बोल्ट सोडून, बोट घालून पाहिलं होतं.

त्या दिवशी तो शेजारच्या इमारतीतल्या पहारेकरी-अंकलच्या सायकलची साखळीही साफ करून, तेल देऊन आला. पाण्यात राहून ती गंजली होती. पैसे द्यायला लागल्यावर छातीवर हात ठेवून मान हलवली म्हणे. ही सवय कुठून आली ते आम्ही विचारलं नाही. दहा वर्षांचा असताना तो टँकरच्या खिडकीतून बघत होता, एवढं आम्हाला ठाऊक आहे.

चिरंजीव आता पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. गावी काका थकले आहेत, मळ्यात विजेची मोटर आहे आणि जुनं इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली. परवा सुट्टीत नातू तिथे जाऊन आला. ते पोतं काढून, दोघांनी मिळून फिल्टर उघडून पाहिला, असं आईने फोनवर सांगितलं. इंजिन चालू झालं का, असं आम्ही विचारलं. "चालू व्हायला कशाला पायजे?" ती म्हणाली. "दुपारभर बसले होते की दोघं."

आमच्याकडे आता शनिवारी बॅटरी धरायला सौ. असते. प्रकाश भलतीकडे पाडते आणि कड्याची आरोळी मात्र खणखणीत देते. गणपतीचं मखर आणायला गाडी नेहमीसारखी हजर आहे. कार्यकारिणीने निःशंक असावं. फक्त जो कोणी चालवायला बसेल त्याने एवढं करावं: पिवळा दिवा दिसला तर काच धुण्याचं पाणी भरू नये.